अंडी थांबवायची तर आधी दिवा विझवा

पावसाळा तोंडावर आला की अनेक घरांतल्या कॉकाटीलचे वागणे बदलते. कालपर्यंत खांद्यावर बसून केसांशी खेळणारा नर आज पिंजऱ्यात हात घातला की चोच मारतो. पंख खांद्यापासून किंचित सोडवून रुबाबात फिरतो, पत्र्यावर चोचीने टकटक करतो, एकच शीळ दिवसभर घालतो. मादी असेल तर सोफ्याखाली, कपाटामागे, धुण्याच्या बादलीत शिरते. वर्तमानपत्राच्या चिंध्या करते, अंधाऱ्या कोपऱ्यातून हलत नाही. आणि एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पांढरे अंडे दिसते.

घरातली मुले खूश होतात. आठवडाभरात चार अंडी होतात. ती काढून टाकली की पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा चार. कौतुक सुरूच असते. मग एके दिवशी मादी पिसे फुगवून तळाशी बसते, शेपूट श्वासागणिक वरखाली होते, आणि संध्याकाळपर्यंत ती मान टाकते. ‘सकाळपर्यंत तर चांगली होती,’ असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात ती कित्येक महिन्यांपासून चांगली नव्हती. तिच्या हाडांतले कॅल्शियम एकेका अंड्यामागे संपत होते.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पक्ष्यांचा नाही. पक्ष्याचे निदान आणि उपचार पशुवैद्यकानेच करायचे असतात. पण या दुखण्याचे मूळ शरीरातल्या संप्रेरकांमध्ये आणि घरातल्या उजेडात आहे. ते समजून घेतले तर निम्म्याहून अधिक काम घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता होते. म्हणून हा विषय.

कोरड्या मुलखातला पाहुणा

दुकानात ज्याला सगळे ‘कॉकटेल’ म्हणतात तो कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. डोक्यावर तुरा असलेल्या काकाकुवांच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. आपल्या पैठणीच्या काठावर विणली जाते ती मुनिया म्हणजे आपला हिरवा पोपट. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. त्यामुळे पक्ष्याची हौस असलेली घरे गेल्या काही वर्षांत लव्हबर्ड, बजरीगर आणि कॉकाटील या परदेशी पक्ष्यांकडे वळली. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता ते सहज मिळतात.

या पक्ष्याचा मूळ मुलूख आपल्या येवल्यासारखाच अवर्षणाचा, किंबहुना त्याहून कोरडा. तिथे पाऊस ठरल्या महिन्यात येईलच असे नाही. म्हणून निसर्गाने कॉकाटीलला कॅलेंडर दिले नाही, खुणा दिल्या. पाऊस झाला, गवताला दाणे धरले, खायला मुबलक आहे, झाडाला ढोली सापडली, सोबत जोडीदार आहे आणि दिवस मोठा आहे, एवढ्या खुणा जुळल्या की त्याचा मेंदू ठरवतो, आता पिले काढायची. खुणा ओसरल्या की शरीर पुन्हा विश्रांतीला जाते.

आता आपले घर त्याच्या नजरेने पाहा. वाटी कधी रिकामी नसते. पिंजऱ्यासोबत दुकानदाराने मडके किंवा लाकडी पेटी दिलेली असते, म्हणजे ढोली तयार. आरसा टांगलेला असतो, म्हणजे जोडीदार समोर. आणि रात्री साडेअकरापर्यंत दिवे चालू, म्हणजे दिवस मोठा. रानात वर्षातून काही आठवडे जुळणाऱ्या खुणा आपल्या बैठकीत बाराही महिने जुळलेल्या असतात. पक्षी बिघडलेला नसतो. आपण त्याला ‘हंगाम आहे’ असे रोज सांगत असतो आणि तो आपले ऐकत असतो.

उजेडाचे गणित

या सगळ्या खुणांत उजेडाचा जोर मोठा आहे. हे पहिल्यांदा नेमकेपणाने दाखवले कॅनडातल्या विल्यम रोवन या प्राध्यापकाने. एडमंटन येथे त्याने जुन्को नावाचे छोटे पक्षी हिवाळ्याच्या कडाक्यात उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि रोज संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा वाढवला. बाहेर बर्फ असताना त्या पक्ष्यांच्या प्रजननग्रंथी वसंत ऋतूत वाढाव्यात तशा वाढल्या. १९२५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. थंडी होती, अन्न तेच होते, बदलला होता तो फक्त उजेड.

आपल्या देशातही यावर मोठे काम झाले आहे. काळ्या डोक्याचा भारीट हा पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शेतांवर थव्याने उतरतो. प्रा. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौ व दिल्लीत या भारीटावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. कृत्रिम उजेडाने दिवस लांबवला की त्याच्या अंगावर चरबी चढते आणि प्रजननग्रंथी वाढतात, हे त्यांतून स्पष्ट झाले. पक्ष्यांच्या मेंदूच्या आतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. पिसे आणि पातळ कवटी यांतून झिरपणारा उजेड तिथे पोहोचतो. तिथून संदेश जातो तो पिट्युटरी ग्रंथीला, आणि तिथून बीजकोशाला.

एवढे लांब जायची गरजही नाही. नाशिक जिल्ह्यात अंड्यांच्या कोंबड्या पाळणारा कोणताही शेतकरी हे जाणतो. शेडमध्ये दिवे लावून तो कोंबडीचा दिवस १६ तासांपर्यंत नेतो, कारण त्याला अंडी हवी असतात. आपल्याला नको असतील तर उलट करायला हवे, एवढाच फरक.

येवल्याच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. निसर्गाच्या हातात जेमतेम अडीच तासांची घट-वाढ आहे. पण ज्या घरात पहाटे सहाला दिवा लागतो आणि रात्री साडेअकराला टीव्ही बंद होतो, त्या घरातल्या पक्ष्याचा दिवस साडेसतरा तासांचा असतो. मागाच्या खोलीत पिंजरा असेल आणि पैठणी वेळेत उतरवायची म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असेल, तर तिथेही तेच. पोल्ट्रीवाल्यापेक्षाही जास्त उजेड आपण त्या शंभर ग्रॅमच्या जीवाला देतो आणि मग अंडी का येतात म्हणून विचारतो.

एका अंड्याची किंमत

अनेकांना प्रश्न पडतो की घरात एकच पक्षी आहे, नर नाही, मग अंडे कसे? कोंबडीसारखेच. अंडे तयार व्हायला नर लागत नाही, फलित व्हायला लागतो. ‘नर’ म्हणून आणलेला पक्षी अंडे घालतो, असेही होते, कारण पहिली पिसे गळेपर्यंत नर-मादी दिसायला सारखेच असतात. पांढऱ्या-पिवळ्या जातींत तर नंतरही ओळखणे अवघड जाते.

कॉकाटीलचे अंडे साधारण पाच ग्रॅमचे. मादीचे वजन नव्वद ग्रॅम धरले तर एक अंडे म्हणजे तिच्या वजनाच्या साडेपाच टक्के. साठ किलोच्या बाईच्या हिशेबात हे तीन-सव्वातीन किलोचे बाळ झाले. तेही एक दिवसाआड, आणि अशी चार ते सहा. बाळंतिणीला आपण चाळीस दिवस जपतो. इथे एक खेप संपते न संपते तोच दुसरी सुरू.

अंड्याचे कवच कॅल्शियमचे असते. त्यासाठी मादीच्या पोकळ हाडांच्या आत अंडी घालण्याच्या काळापुरता एक खास साठा तयार होतो. आहारातून पुरेसे कॅल्शियम आले नाही की आधी हा साठा आणि मग मूळ हाड खर्ची पडते. आपल्याकडे बहुतेक कॉकाटील बाजरी, राळे आणि सूर्यफुलाच्या बियांवर जगतात. या दाण्यांत कॅल्शियम अगदी कमी. शिवाय पिंजरा घराच्या आत; खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या काचेत अडतात. परिणाम असा की हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातले कॅल्शियम घसरते. आकुंचन पावून अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते. ते नसले की अंडे आतच अडते. कधी अंड्यातला बलक पोटात सांडून आतून दाह होतो. मादी जाते ती बहुधा यांपैकी एका कारणाने.

घरात काय बदलायचे

पहिला उपाय अंधार. पक्ष्याला रोज रात्री सलग बारा तास शांत, अंधारी झोप मिळाली पाहिजे. प्रजननाची लक्षणे सुरू झाली असतील तर तीन-चार आठवडे अंधार चौदा तासांवर न्यावा. संध्याकाळी सातला झोपवला तर सकाळी नऊला उठवावा. बैठकीत पिंजऱ्यावर जाड चादर टाकून बाहेर टीव्ही चालू ठेवण्यापेक्षा पिंजरा दुसऱ्या खोलीत नेणे चांगले. आपल्या उन्हाळ्यात चादरीखाली हवा कोंडते. झाकायचेच असेल तर पातळ सुती गडद कापडाने तीन बाजू झाकाव्यात, एक मोकळी ठेवावी. कॉकाटील अंधारात दचकून फडफडण्याबद्दल प्रसिद्ध आहे; तुमचा पक्षी तसा असेल तर दूर कोपऱ्यात अगदी मंद दिवा चालेल. पाणी आणि दाणे पिंजऱ्यात राहू द्यावेत.

दुसरा उपाय, ढोली काढणे. मडके, पेटी, करवंटी, कापडी झोळी, चिंध्या करायला मिळणारा कागद हे सगळे बाहेर. पिंजऱ्याबाहेर सोडता तेव्हा सोफ्याखालची फट, कपाटाची उघडी दारे, खोकी बंद करावीत. एखाद्या जागेवर तो हक्क सांगू लागला असेल तर पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्या बदलाव्यात. नव्या मांडणीत मन रमेपर्यंत घरटे करायचा विचार मागे पडतो. आरसा आणि ज्याच्याशी तो लगट करतो ते खेळणेही काढावे.

तिसरा उपाय, आपला हात. पाठीवरून, पंखांखालून, शेपटीजवळ हात फिरवणे हा आपल्यासाठी लाड असतो. पक्ष्यांच्या भाषेत तो जोडीदाराचा स्पर्श आहे. मादी खाली वाकून शेपूट वर करून बारीक चिवचिव करू लागली तर तिने तोच अर्थ घेतला आहे. हात फक्त डोक्यावर आणि गालांवर. तोंडातला घास भरवणेही या काळात बंद. नर दांडीवर शरीराचा मागचा भाग घासताना दिसला तर ओरडू नये, मारू नये, हसूही नये. ते नैसर्गिक आहे. शांतपणे लक्ष दुसरीकडे वळवावे किंवा खोलीतून बाहेर पडावे. चोच मारणाऱ्या नराला शिक्षा केली तर त्याला फक्त आपली भीती बसते, संप्रेरके कमी होत नाहीत.

चौथा उपाय, खाणे. ऊन भात, शिजवलेला मका, अंड्याचा बलक, भिजवलेली कडधान्ये, मूठभर सूर्यफूल हे पिले काढणाऱ्या जोडीचे खाणे आहे. पिले नको असतील तर ते थांबवावे. दाणे मोजून द्यावेत आणि ते शोधायला लावावेत: कडुनिंबाच्या फांद्यांत अडकवून, लाकडी तुकड्यांखाली लपवून. उपाशी मात्र ठेवू नये. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर रोज द्यावी. समुद्रफेनाचा तुकडा पिंजऱ्यात कायम अडकवलेला असावा. काष्ठौषधीच्या किंवा पक्ष्यांच्या दुकानात तो मिळतो. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास काचेविना मिळावे, सोबत पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत.

या चारही गोष्टी एकदम आणि घरातल्या सगळ्यांनी पाळायच्या असतात. आईने सातला दिवा मालवला आणि दहाला धाकट्याने पिंजरा उघडून लाड केले, तर गणित चुकते. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात.

अंडी घातलीच असतील तर

इथे सर्वांत मोठी चूक होते. अंडे दिसले की उचलून फेकले जाते. पण मादीच्या शरीराला ठराविक संख्या पूर्ण झाल्याची खूण हवी असते. अंडे नाहीसे झाले की ती भरपाईला दुसरे घालते, आणि कॅल्शियमचा खर्च वाढतो. म्हणून अंडी तशीच राहू द्यावीत. पेन्सिलीने त्यांवर तारखा टाकाव्यात. तिला बसू द्यावे. कॉकाटीलची अंडी साधारण १८ ते २१ दिवसांत उबतात. न फळलेल्या अंड्यांवर तेवढे किंवा थोडे अधिक बसून ती आपणहून उठते. त्यानंतर अंडी काढावीत आणि त्याच दिवसापासून अंधाराचे वेळापत्रक कडक करावे.

घरात नर असेल आणि पिले नको असतील तर प्रत्येक अंडे घातल्याच्या दिवशीच उकळून, पूर्ण थंड करून, परत ठेवावे. हे ऐकायला कठोर वाटेल. पण वर्षाला दहा-पंधरा पिले होऊन ती छोट्या पिंजऱ्यांत कोंबली जाणे किंवा ‘मोकळी करतो’ म्हणून उडवली जाणे त्याहून कठोर आहे. पिंजऱ्यात जन्मलेला हा परदेशी पक्षी आपल्या कावळ्या-शिकऱ्यांच्या आभाळात दोन दिवसही टिकणे अवघड.

थांबायचे नाही अशी वेळ

मादी फुगून तळाशी बसली आहे, कुंथते आहे, शेपूट हलते आहे, पाय लटके पडले आहेत, पोट टणक लागते आहे, यांपैकी काहीही दिसले तर अंडे अडले असे समजावे. हा तासांचा खेळ आहे. पोट दाबू नये, तेल सोडू नये, अंडे ओढू नये; अंडे आत फुटले तर वाचण्याची आशा संपते. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घशात घालू नयेत. खोक्यात मऊ कापड घालून, जवळ गरम पाण्याची बाटली गुंडाळून ऊब सुमारे तीस अंशांच्या आसपास ठेवावी, पाणी जवळ ठेवावे आणि पशुवैद्यकाकडे निघावे. गावोगावच्या पशुवैद्यकांचा रोजचा संबंध गाई-म्हशींशी. छोट्या पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर अनेकदा नाशिकला किंवा त्याहून लांब असतो, आणि येवल्याहून नाशिक गाठायला दीड-दोन तास जातात. म्हणून तो डॉक्टर कोण, त्याचा फोन क्रमांक काय, हे पक्षी निरोगी असताना शोधून पिंजऱ्यावर चिकटवून ठेवावे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्याला वजन करावे. वजनातला बदल बाकी लक्षणांच्या आधी सांगून जातो.

सगळे करूनही अंडी थांबत नसतील तर औषध आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि स्त्रियांच्या एंडोमेट्रिओसिसमध्ये आम्ही वापरतो ते ल्युप्रोलाइड. कॉकाटीलमध्ये ते अंडी थांबवते आणि परिणाम ओसरल्यावर पक्षी पुन्हा पूर्ववत होतो, हे जेम्स मिलम आणि सहकाऱ्याने १९९४ मध्ये दाखवले. पण ते इंजेक्शन पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकानेच द्यायचे. आणि घरातला दिवा रात्री बारापर्यंत चालूच असेल, तर इंजेक्शनचा असर उतरताच अंडी परत येतात.

घरच्यांच्या छातीसाठी

कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी पूड सतत गळते. अंड्यांवर बसलेली मादी पिंजऱ्यातून हलत नाही, विष्ठा साठते, सुकते आणि पंखांच्या वाऱ्याने उडते. काही माणसांच्या फुप्फुसांना या पुडीची आणि विष्ठेच्या कणांची ॲलर्जी होते. कोरडा खोकला आणि चालताना दम लागणे सुरू होते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात. पक्ष्यांकडून येणारा सिटॅकोसिस नावाचा न्यूमोनियाही आहे. वेळेत ओळखला तर योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. यासाठी पक्षी टाकून द्यायची गरज नाही. तळाचा कागद ओला करून मगच उचलावा, कोरडा झाडू मारू नये, तोंडावर मास्क लावावा, ज्या खोलीत पक्षी झोपतो तिथे दमेकऱ्याने किंवा लहान बाळाने झोपू नये. आणि खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात तर ‘घरात पक्षी आहे’ हे न विचारता सांगावे. डॉक्टरला सुचेलच असे नाही.

पक्षी पाळणे म्हणजे त्याला फक्त खाऊ घालणे नव्हे. रानात त्याला ऋतू मिळत होता, तो आपण घेतला. त्या बदल्यात घरात ऋतू देण्याची जबाबदारी आपली. मुबलक दाणे, लाड आणि झगमगाट एवढेच दिले तर प्रेमापोटीच तो झिजतो. पक्ष्यासाठी यंदा काही आणायचे असेल तर नवे मडके आणू नका. आज संध्याकाळी सात वाजता त्याच्या खोलीतला दिवा बंद करा.